शातो म्युझार लाल: सात वर्षं मुरून आलेली बाटली कशी उघडावी, कशी चाखावी

ग्लासात ओतल्या ओतल्या फसायला होतं ते रंगामुळे. कॅबर्ने सोविन्यों या द्राक्षाचं नाव लेबलवर वाचलं की डोळ्यांसमोर गडद, जांभळट, शाईसारखी वाइन येते. शातो म्युझारची लाल वाइन पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून पाहिली, तर मधोमध तांबडी आणि कडेला चक्क विटकरी दिसते. ग्लासामागे बोट धरलं तर दिसावं इतकी आरपार. पहिल्यांदा चाखणारे इथेच निकाल देऊन मोकळे होतात की बाटली म्हातारी झाली. तसं नसतं. ही वाइन बाजारात येते तेव्हाच काढणीला सात वर्षं होत आलेली असतात. शिवाय तिच्यात सँसो नावाचं द्राक्ष भरपूर असतं, ज्याची साल पातळ आणि रंग मुळातच बेताचा. एवढं कळलं की रंगाबद्दलची तक्रार मिटते. वासाबद्दलची मात्र इतक्या सहज मिटत नाही, आणि ती मिटवायची तर घड्याळ हाताशी ठेवून चाखावं लागतं.

हे परीक्षण एका हंगामाच्या बाटलीपुरतं नाही. म्युझारचा प्रत्येक हंगाम वेगळा उतरतो आणि करणाऱ्या कुटुंबाला तो तसाच हवा असतो. पण मिश्रणाची बांधणी, उघडण्याची रीत आणि बिघडण्याच्या जागा वर्षानुवर्षं त्याच आहेत. बाटली आवडणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं.

ही वाइन लेबनॉनची. गास्तों होशार यांनी १९३० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशाचा प्रवास करून आल्यावर हे काम सुरू केलं. पश्चिमेला माउंट लेबनॉन, पूर्वेला अँटी-लेबनॉन आणि मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर पसरलेलं बेका खोरं, अशी ही जागा. तिथल्या आना आणि कफराया या गावांजवळच्या लाल द्राक्षांच्या बागा कुटुंबाने १९३० च्या दशकापासून पुढे लावत नेल्या. माती खडेदार, खाली चुनखडीचा थर. पाणी वर साचत नाही, त्यामुळे मुळांना खोल जावं लागतं. उन्हाळा कडक आणि कोरडा, पण उंचीमुळे रात्री गारवा येतो. हा गारवा नसता तर ही वाइन झालीच नसती. दिवसाच्या उन्हात मण्यात साखर भरते, आणि रात्र गार असली तर आम्ल जळून जात नाही. म्हणूनच १३.५ ते १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असूनही घोट जड वाटत नाही, शेवटी तोंडाला पाणी सुटतं.

वाइन बनते ती मात्र खोऱ्यात नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, बैरूतच्या उत्तरेला, समुद्राकडे पाहणाऱ्या गझीर गावातल्या जुन्या वाड्यात टाक्या आहेत. हाताने तोडलेले घड ट्रकमध्ये भरून घाट ओलांडून तिकडे न्यावे लागतात. १९७५ ते १९९० च्या यादवीत हा रस्ता म्हणजे जिवावरचं काम होतं. १९७६ ला वाइन बनलीच नाही. १९८४ ला ट्रक इतके अडकले की द्राक्षं वाटेतच आंबू लागली. बाटलीची किंमत वाढवायला हे सांगितलं जातं असा काहींचा समज आहे. पण चाखणाऱ्यासाठी त्यात एक साधी तांत्रिक गोष्ट आहे: तोडणी आणि टाकी यांच्यातलं अंतर वाढलं की खालचे मणी वरच्यांच्या भाराने फुटतात, रस सुटतो, आणि उघड्या गरम रसावर यीस्टच्या आधी ॲसिटिक, म्हणजे व्हिनेगर बनवणारे जिवाणू हात मारतात. या वाइनच्या वासाला जी धार आहे, तिच्याकडे पाहताना हे डोक्यात असू द्यावं.

गास्तोंनंतर १९५९ पासून वाइन करण्याची जबाबदारी त्यांचे थोरले चिरंजीव सर्ज होशार यांनी घेतली. बोर्दोला वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांच्या हाताखाली ते शिकले होते, म्हणजे स्वच्छ, नेमकी, प्रयोगशाळेत तपासलेली वाइन कशी करतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही त्यांनी ठरवून हात आखडता घेतला. यीस्ट बाहेरून घालायचं नाही, द्राक्षांसोबत आलेल्यावर काम चालवायचं. वाइन टिकावी म्हणून घालतात तो गंधक अगदी बेताचा. बाटलीत भरताना गाळणं नाही, निवळायला काही घालणं नाही. १९७९ मध्ये ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात ब्रिटिश वाइन समीक्षक मायकेल ब्रॉडबेंट यांनी म्युझारचं तोंडभरून कौतुक केलं आणि बाहेरच्या जगाचं तिकडे लक्ष गेलं. १९८४ मध्ये ‘डिकँटर’ या वाइनविषयक मासिकाने आपला पहिला ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून सर्ज यांचीच निवड केली. २०१४ च्या अखेरीस ते गेले. काम अजून कुटुंबाकडेच आहे.

आता मिश्रणाकडे. कॅबर्ने सोविन्यों, कारिन्यान आणि सँसो ही तीन द्राक्षं, प्रमाण ढोबळमानाने सारखं, आणि दर हंगामात थोडं इकडेतिकडे. तिघांची कामं इतकी वेगळी आहेत की चाखताना ती बोटाने दाखवता येतात.

कॅबर्नेचा मणी छोटा, साल जाड, बी मोठं. म्हणजे रसाच्या मानाने तुरटपणा जास्त. घोट गिळल्यावर हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला जी बारीक पकड जाणवते ती याची. देवदाराच्या लाकडाचा आणि काळ्या करंट या छोट्या आंबटगोड फळाचा वासही याचाच. एकट्या कॅबर्नेत पुष्कळदा मधला घोट पोकळ राहतो: सुरुवात जोरकस, शेवट जोरकस, मध्ये काहीतरी राहून गेल्यासारखं.

ती पोकळी कारिन्यान भरतं. हे द्राक्ष उशिरा पिकतं आणि उष्ण प्रदेशातही आम्ल टिकवून धरतं. तरुण वेलाला मोकळं सोडलं तर घडच घड लागतात आणि वाइन कडवट, उग्र, बिनचवीची होते. वेल जुना असला, झुडपासारखा आखूड छाटलेला असला आणि पाण्यावाचून वाढलेला असला की तेच कारिन्यान आलूबुखारा, मिरी आणि सुक्या मातीचा वास देतं. घोट गिळताना जिभेच्या कडांना जे आंबटपण चटकतं ते बहुतांशी कारिन्यानचं.

सँसो सगळ्यांत दुर्लक्षित. मणी मोठा, रसाळ, साल पातळ, तुरटपणा जवळजवळ नाहीच. दुष्काळ सोसतं म्हणून उष्ण प्रदेशात लावतात आणि पुष्कळ ठिकाणी गुलाबी वाइनमध्ये संपवतात. म्युझारमध्ये मात्र वास उचलायचं काम त्याच्याकडे आहे. वाळलेली चेरी, स्ट्रॉबेरीचा मुरंबा, संत्र्याच्या सालीचा दरवळ हे ग्लास नाकाशी नेताच जे येतं ते सँसोमुळे. त्याची अडचण अशी की हवा लागली की ते लवकर विटतं. वाइन काही वर्षं मुरवायची तर सँसोला सोबतीला तुरटपणा आणि आम्ल लागतंच, आणि ते इतर दोघांकडून येतं. म्हणून ही तीन द्राक्षं एकत्र येण्यामागे परंपरेइतकंच साधं गणित आहे. मिश्रणात सँसो थोडं जास्त पडलं की वाइन सुगंधी, हलकी आणि लवकर फुलणारी होते. कॅबर्ने जास्त पडली की पहिली दहा वर्षं ती तोंड उघडत नाही.

तिन्ही द्राक्षं वेगवेगळी आंबवतात, सिमेंटच्या टाक्यांमध्ये. सिमेंटची भिंत जाड असल्याने आतलं तापमान सावकाश चढतं, सावकाश उतरतं, आणि लाकडासारखा स्वतःचा वास ती देत नाही. साधारण सहा महिन्यांनी वाइन फ्रान्समधल्या नव्हेर भागातल्या ओकच्या पिंपांत जाते आणि वर्षभर राहते. काढणीनंतर दोन वर्षांनी मिश्रण होतं, ते पुन्हा सिमेंटच्या टाकीत विसावतं आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाटल्या भरतात. पुढची तीन-चार वर्षं बाटल्या तळघरातच. पिंपातून काढल्यावर लगेच बाटली न भरता मिश्रणाला टाकीत एकजीव व्हायला वेळ देणं, ही पायरी मला या सगळ्या क्रमात सर्वांत महत्त्वाची वाटते. नुकत्याच मिसळलेल्या वाइनमध्ये सांधे जाणवतात: आधी फळ, मग आम्ल, मग तुरटपणा, जणू तीन माणसं पाळीपाळीने बोलताहेत. म्युझारमध्ये ते सांधे लागत नाहीत. ओकचाही व्हॅनिलासारखा गोडसर वास वेगळा काढून दाखवता येत नाही. जुन्या लाकडी कपाटाचा भास तेवढा राहतो.

उघडण्याआधीची तयारी इथे ऐच्छिक नाही. गाळलेली नसल्याने बाटलीत साका असतो. रंगद्रव्य आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात, सोबत टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे चमकदार खडे. दोन्ही निरुपद्रवी, पण साका ग्लासात आला तर वाइन गढूळ होते आणि घोट कडसर, रेताड लागतो. आडवी ठेवलेली बाटली प्याण्याआधी किमान २४ तास उभी करून ठेवावी. पंधरा-वीस वर्षांची असेल तर दोन-तीन दिवस. हलवाहलव नको. दुकानातून आणून त्याच संध्याकाळी उघडायची असेल तर साका तरंगतच राहणार, हे गृहीत धरावं.

नुकत्याच बाजारात आलेल्या बाटलीचं बूच साध्या स्क्रूने निघतं. जुन्या बाटलीत बुचाचा खालचा भाग भिजून मऊ झालेला असतो आणि स्क्रू त्याच्या मधोमध भोक पाडून नुसता भुसा वर आणतो. तिथे दोन पात्यांचं ओपनर वापरावं. लांब पातं आधी, मग आखूड, बूच आणि काच यांच्यामधून आळीपाळीने दाबत खाली न्यायचं आणि पिळत पिळत वर ओढायचं. सरळ ओढलं तर पाती तेवढी निघून येतात. पातं घालताना बूच खाली सरकू लागलं तर जोर लगेच थांबवून कोन बदलावा. तरीही बूच मोडलं तर घाबरायचं कारण नाही, स्वच्छ धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून वाइन ओतून घ्यावी.

ओतताना बाटलीच्या मानेखाली दिवा ठेवावा. मेणबत्ती चालते, मोबाइलचा टॉर्च त्याहून बरा, कारण बाटली तापत नाही. एकाच धारेत, न थांबता, सावकाश ओतायचं. थांबून बाटली पुन्हा सरळ केली की साका उसळलाच. शेवटी खांद्यापाशी काळपट दोरा सरकताना दिसतो. तो मानेत शिरायच्या आत हात थांबवावा. तळाशी ४० ते ६० मिली वाइन राहते. एवढी सोडून द्यायला जीव होत नाही हे खरं, पण ती वाचवायला गेलं की बाकीची ७०० मिली गढूळ होते.

तापमान १६ ते १८ अंश. यात हयगय केली तर ही वाइन जितकी बिघडते तितक्या थोड्याच बिघडत असतील. खोली २६-२८ अंशांवर असेल तर बाटली तासाभराहून थोडा अधिक वेळ साध्या फ्रिजमध्ये उभी ठेवावी, मग ओतावी. १४ च्या खाली तुरटपणा टोचतो आणि वास मिटतो. २१-२२ च्या वर गेली की अल्कोहोल आणि वासातली आंबूस धार दोन्ही एकदम उसळतात, आणि चांगली बाटली खराब ठरते. ग्लास मोठा हवा, ५०० मिलीच्या वरचा, तोंडाशी आत वळलेला, आणि एका वेळी ७५ ते १०० मिलीच ओतावं. अर्ध्याहून जास्त भरलेल्या ग्लासात वास गोळा व्हायला जागाच उरत नाही.

आता घड्याळ लावावं.

ओतल्यावर लगेच, ग्लास न हलवता हुंगलं तर आधी जी झुळूक येते ती अनेकांना दचकवते. नेलपॉलिशची हलकी छटा, मागोमाग वाळलेल्या चेरीचा आंबटगोडपणा, आणि त्याखाली चामड्याचा वास. घोट घेतला तर सुरुवात आखडलेली, आम्ल पुढे, फळ मागे. या टप्प्यावर मत बनवू नये. नोंद मात्र जरूर करावी, कारण तुलना तिच्याशीच करायची आहे.

अर्ध्या तासाने धार मागे सरते. नेलपॉलिशचा वास देणारं इथाइल ॲसिटेट लवकर उडणारं असल्याने हवेत थोडं जातं, आणि त्याखाली दडलेलं फळ वर येतं. आता आलूबुखारा, सुकं अंजीर, संत्र्याची साल. लवंग आणि दालचिनीचा मसालेदारपणा याच सुमारास कळतो. घोटात मधला भाग भरू लागतो.

दोन तासांनी वाइन सगळ्यांत मोकळी होते. तंबाखूचं पान, देवदार, ओल्या पाचोळ्याचा वास, आणि त्यावर तरंगणारी चेरी. तुरटपणा आता रेशमी वाटतो, म्हणजे गालांना धरतो पण ओरबाडत नाही. गिळल्यावर मनातल्या मनात सेकंद मोजावेत. फळाची चव, केवळ आम्लाची नव्हे, वीस-पंचवीस सेकंद टिकून राहिली तर बाटली उत्तम अवस्थेत आहे. आठ-दहा सेकंदांत नुसता आंबटपणा उरला तर बाटली थकलेली आहे किंवा वाटेत तापलेली. चार तासांनंतर गोडसर, मधाळ छटा येते, सुक्या मेव्याकडे झुकणारी. इथवर पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लिहिलेली नोंद वाचून पाहावी. बहुतेकदा ती दुसऱ्याच वाइनबद्दल लिहिल्यासारखी वाटते.

वासातल्या त्या धारेबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ही वाइन न आवडणारे बहुतेक तिथेच अडतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. तिला बाष्पशील आम्लता म्हणतात. मुख्यतः ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा गुण, आणि त्यापासून तयार होणारं इथाइल ॲसिटेट, म्हणजे नेलपॉलिशचा गुण. युरोपीय संघाच्या नियमात लाल वाइनला लिटरमागे १.२ ग्रॅमपर्यंत ती चालते. त्याच्या बऱ्याच आधीपासून सरावलेल्या नाकाला ती कळू लागते. म्युझार तिच्याबाबत नेहमीच मोकळ्या हाताची राहिली आहे. गरम हंगाम, बाहेरचं यीस्ट नाही, गंधक कमी, आणि बाटलीत जाईपर्यंतचा लांब प्रवास, या सगळ्याची ती बेरीज. थोड्या प्रमाणात ती वासाला वर उचलते, फळ उजळ करते. जास्त झाली की फळ खाऊन टाकते. सीमारेषा ओळखायची साधी खूण अशी: वास तीव्र असला तरी घोट घेतल्यावर घशाच्या मागे जळजळ होत नसेल आणि फळ शाबूत असेल तर वाइन ठीक. घशाशी व्हिनेगरसारखं जळलं आणि फळाच्या जागी कोरडेपणा आला, तर ती हद्द ओलांडलेली बाटली आहे. तिच्यासाठी कितीही वेळ थांबून उपयोग नाही, कारण ॲसिटिक आम्ल हवेत उडून जात नाही.

चामड्याचा वास वेगळ्या वाटेने येतो. ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) नावाचं यीस्ट जुन्या पिंपांत, कमी गंधकात टिकाव धरतं आणि दोन प्रकारचे वास सोडतं. एक लवंगेकडे झुकणारा, दुसरा घोड्याच्या खोगिराचा, फार वाढला तर जखमेवरच्या चिकटपट्टीचा. म्युझारमध्ये थोडं चामडं शोभतं. चिकटपट्टी आणि तबेला मात्र नाही. ब्रेट वाढलेल्या वाइनचा शेवट धातूसारखा, जिभेवर नाणं ठेवल्यागत लागतो.

बुचाच्या दोषाशी याची गल्लत होऊ देऊ नये. तो दोष असला तर ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येतो, फळ मुकं होतं आणि हवा दिल्यावर सुधारण्याऐवजी वास आणखी वाढतो. हाच निर्णायक फरक: म्युझारची नेहमीची उग्रता वेळेबरोबर निवते, बुचाचा दोष वेळेबरोबर चढतो. शंका असेल तर वीस मिनिटं ग्लास झाकून ठेवावा आणि झाकण काढताच हुंगावं. पुठ्ठा असेल तर लपणार नाही. अशी बाटली विक्रेत्याकडे परत करावी. बूच आणि उरलेली वाइन दोन्ही न्यावीत, रिकामी बाटली घेऊन कुणी दाद देत नाही.

एकाच पेटीतल्या दोन बाटल्यांत फरक निघतो, ही या वाइनची खरी उणीव मानतो. कमी गंधक आणि नैसर्गिक बूच असलं की प्रत्येक बुचातून शिरणारी हवा थोडी वेगळी आणि तिला अडवणारं आत फारसं काही नाही. सात वर्षांच्या बाटल्यांत हा फरक उन्नीस-बीस असतो, वीस वर्षांच्या बाटल्यांत एक अप्रतिम आणि एक थकलेली इतका होऊ शकतो. ज्याला दर वेळी तीच चव हवी आहे, त्याने म्युझार घेऊ नये. हे तिला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. एवढे पैसे घालून घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

जुनी बाटली विकत घेताना म्हणून काचेतून पातळी पाहावी. दहा वर्षांच्या आतल्या बाटलीत वाइन मानेत असायला हवी. वीस वर्षांच्या बाटलीत मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या टोकाशी असली तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर हवा भरपूर शिरली आहे, आणि कापलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येण्याची शक्यता मोठी. बूच वर आलेलं किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर बाटली कधीतरी तापली आहे, ती सोडावी. घरी ठेवायची तर १२ ते १४ अंश, अंधार, आणि आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. तापमान दोन अंश वर असलं तर चालेल, पण रोज वर-खाली होणारं नको. वर-खाली झालं की बाटलीतली हवा आक्रसते, पसरते आणि बूच पंपासारखं काम करू लागतं.

वीस वर्षांच्या पुढची म्युझार ही वेगळीच गोष्ट आहे. रंग जवळजवळ मुरलेल्या चहासारखा, फळ सुकलेलं, पण आम्ल अजून जिवंत. वाळलेली गुलाबपाकळी, मध, अक्रोड, जुन्या पुस्तकांची पानं. भट्टी जमलेल्या बाटलीत तुरटपणा पुरता विरघळलेला असतो आणि घोट पाण्यासारखा हलका वाटून मग चव पसरते. अशा बाटलीला आधीच तासनतास हवा देऊ नये. निवळून घ्यावी, लगेच एक छोटा घोट घ्यावा. मिटलेली वाटली तर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं, खुली वाटली तर ग्लासातच फुलू द्यावी.

जेवणात तिला कोकराचं मांस सर्वांत मानवतं. लेबनॉनच्या किब्बेहमध्ये कोकराचा खिमा, दलिया, कांदा आणि मसाला असतो, आणि तो मसाला वाइनमधल्या लवंग-दालचिनीला जाऊन मिळतो. कोळशावर भाजलेलं मांस असेल तर चरबी आणि मीठ तुरटपणा सौम्य करतात. तिखट मात्र जपून: मिरचीची आग आणि अल्कोहोल एकत्र आले की फळ हरवतं. व्हिनेगर घातलेलं काहीही सोबत नको, कारण नाक मग वाइनमधली तीच धार शोधत बसतं. सर्ज होशार आपली पांढरी वाइन, ओबैदे आणि मेरवाह या लेबनॉनच्या देशी द्राक्षांची, लाल वाइनच्या नंतर द्यायचे. विचित्र वाटेल, पण ती पांढरी इतकी भरीव असते की तिच्या आधी लाल प्यायलेलीच बरी.

म्युझारशी ओळख करून घ्यायची आहे पण धारेची धास्ती आहे, त्यांनी याच घरची ‘होशार पेर ए फिस’ आधी चाखावी. आना गावाजवळच्या बागेतली, सँसोवर भर असलेली, लवकर बाजारात येणारी. ‘म्युझार जन’ त्याहून तरुण, ओक न लागलेली, फळाला प्राधान्य देणारी. दोन्ही सरळ आणि आनंददायी आहेत. त्यांच्यात मूळ म्युझारमधला तो तासातासाला होणारा बदल नाही, आणि मला तो बदल सोडून द्यावासा वाटत नाही. पैसे मर्यादित असतील तर या धाकट्यांच्या तीन बाटल्यांऐवजी मूळ म्युझारच्या दोन घ्याव्यात. एक आता उघडावी, दुसरी आठ-दहा वर्षं आडवी ठेवावी.

उघडलेली बाटली त्याच रात्री संपवण्याची घाईही करू नये. उघडल्याबरोबर ३७५ मिलीची स्वच्छ बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर ती चार-पाच दिवस सहज टिकते, कारण आत हवा जवळपास नाहीच. आणि उरलेल्या अर्ध्यातला एक ग्लास मुद्दाम दुसऱ्या संध्याकाळसाठी राखावा, नुसतं बूच परत लावून. नव्या हंगामाची म्युझार असेल तर नेलपॉलिशची छटा तोवर पुष्कळ निवलेली असते, चेरी पुढे येते, आणि आदल्या रात्री तुकड्यातुकड्यांनी भेटलेले लवंग, देवदार आणि संत्र्याची साल एकाच घोटात सापडतात.